शनिवारच्या घरावर धूर नसतो

सुखदेवभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते अहेरीच्या आरा मशीनवर. मी जिवतीकडून तिथे कामाला आलो होतो. शाळा नववीत सोडली होती आणि कोणत्याही कामावर माझं मन फार दिवस टिकत नव्हतं. एक उंच, वाळके गृहस्थ बाहेर सायकल लावून आत आले आणि हळदूच्या झाडाच्या फळ्यांच्या थप्पीपुढे उभे राहिले. एकेका फळीवर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचे, थोडं थांबायचं आणि पुढच्या फळीकडे वळायचं, असं त्यांचं चाललं होतं. सगळी थप्पी होईपर्यंत आम्ही पाहत राहिलो. शेवटी आमच्या मिस्त्रीला राहवलं नाही.

"का गा भाऊ, लाकूड घ्यायले आले का पोरगी पाहाले?"

"पोरगी पाहाले आलो असतो त आतापर्यंत चहा तरी भेटला असता," भाऊ डोळे न उघडता म्हणाले.

मिस्त्रीला चहा मागवावा लागला. त्या चहावर भाऊंनी मला विचारलं, ही फळी कोणत्या अंगानं फाटेल. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या लाकडांना रंधा मारायला मी त्यांच्या घरी जाऊ लागलो. तू शिकला काऊन नाही, हा प्रश्न तोवर मला भेटेल तो माणूस विचारत असे. भाऊंनी तो आजपर्यंत विचारलेला नाही. त्यांच्याकडे मी बाकी कुठेही टिकलो नव्हतो इतका टिकलो, त्याचं एक कारण हे असावं.

भाऊ आश्रमशाळेत चित्रकलेचे शिक्षक होते हे त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात इतरांनी लिहिलंच असेल. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनीही लिहिलं असेल. मी त्यांचा विद्यार्थी नाही. मी त्यांच्यासाठी फळ्या तासल्या, जोडल्या, घासल्या आणि शाई लावून छापा काढल्या. तेव्हा जे मी जवळून पाहिलं तेवढंच मला सांगता येईल, आणि त्यातलंही एकच काम नीट सांगायचं मी ठरवलं आहे. सध्या मी मस्कतच्या पलीकडे एका बांधकामावर शटरिंगचं काम करतो. इथे शुक्रवारी सुट्टी असते. हा लेख मी शुक्रवारीच लिहितो आहे.

ज्यांनी भाऊंचं काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. लाकडी ठशाचं चित्र कागदावर काढलेल्या चित्रासारखं नसतं. फळीवर चित्र उलटं उतरवायचं, जिथे पांढरं हवं तिथलं लाकूड पटाशीनं कोरून काढायचं, जे उरेल त्याला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पाठीमागून घासायचा. भाऊ पितळी पळीच्या पाठीनं घासतात. एकदा लाकूड निघालं की निघालं, खोडरबर नाही. मी पहिल्यांदा छाप उचलली ते अजून आठवतं. फळीवर मला नुसते खड्डे आणि उंचवटे दिसत होते, आणि कागद वर येताना त्यातून भाताची रोवणी करणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. बांधीतलं पाणी चमकत होतं. पाणी कुठून आलं ते मला समजलं नाही, कारण पाण्याच्या जागी भाऊंनी काहीच केलेलं नव्हतं, म्हणजे सगळं कोरून मोकळं केलं होतं. अजूनही प्रत्येक छाप उचलताना मला तसंच होतं. सुतारकीत मी बरंच काही पाहिलं, पण काढून टाकलेल्या लाकडातून उजेड येताना दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

त्यांच्या घरातलं वातावरण गमतीचं असे. भाऊ कामाला बसले की कोणाचं ऐकत नाहीत, फक्त चहाचा कप पुढे सरकवतात. कांताबाई, म्हणजे भाऊंच्या सौभाग्यवती, कप भरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "या मानसानं लाकडाले जेवढा हात लावला ना, तेवढा भांड्याले लावला असता त माहं भलं झालं असतं." भाऊ हसत. कधी कधी उठून एखादं भांडं घासतही, आणि ते कांताबाईंना पुन्हा घासावं लागे.

माझ्या बहिणीच्या, वैशालीच्या, लग्नात त्यांनी जे केलं ते इथे सांगितलंच पाहिजे. पत्रिका छापायच्या होत्या. भाऊ म्हणाले, थांब, आणि त्यांनी एक लहान ठसा कोरला. आमचं डोंगरातलं घर, भिंतीवर चढलेला भोपळ्याचा वेल आणि दारात आमची बकरी. हे घर त्यांनी एकदाच, मला बरं नव्हतं म्हणून घरी सोडायला आले तेव्हा, पाहिलं होतं. आमचे मामा म्हणाले की लग्नाच्या पत्रिकेवर बकरी कोण टाकते बाप्पा. भाऊ गंभीरपणे म्हणाले, "थे राह्यली घरी. नवरी जाऊन राह्यली. रडन त थेच रडन." आमच्या गावात आजही तीन-चार घरांत ती पत्रिका काचेच्या फ्रेममध्ये लावलेली दिसेल.

आता त्या कामाकडे येतो.

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या सभागृहात भाऊंच्या छापांचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे एक बाई रोवणीच्या चित्रापुढे बराच वेळ उभ्या होत्या. पांढरे केस, सुती साडी, पायात साध्या चपला. त्या भाऊंना म्हणाल्या, बाईच्या पायाला चिखल कसा लागतो ते तुम्हाला माहीत आहे, माझं एक काम कराल का. त्या रिबेकाबाई. त्यांचे यजमान विद्युत केंद्रात नोकरीला होते, त्यामुळे त्या चाळीसेक वर्षं चंद्रपुरातच राहिल्या. निवृत्तीनंतर वसाहतीला लागूनच त्यांनी घर बांधलं होतं. यजमान वारले होते आणि पावसाळा संपला की त्या मुलाकडे परदेशी कायमच्या जाणार होत्या.

बाई बेने इस्राएल समाजाच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. मी तोवर हा शब्द ऐकलेला नव्हता. अलिबागेकडे खाडीकाठी त्यांचं गाव होतं. घरात तेलाचा घाणा होता. शनिवारी ही माणसं काही काम करत नसत, घाणाही बंद ठेवत, म्हणून गावातले लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाईंनी आपल्या लहानपणच्या गावाबद्दल एक पुस्तक लिहिलं होतं, नातवंडांसाठी. घर रस्त्यात गेलेलं. फोटो एकही नाही. भावंडांपैकी कोणी उरलेलं नाही. ते घर कसं होतं हे जगात आता एकट्या त्यांना माहीत होतं.

पुस्तकाला चित्रं हवी होती. आधी एका शहरातल्या चित्रकारानं ती काढली होती. बाईंनी ती आम्हाला दाखवली. लांब काळे कोट, उंच टोप्या, धुराड्याची लाकडी घरं, छपरांवर बर्फ आणि एका छपरावर सारंगीसारखं काही वाजवणारा माणूस. तिकडच्या थंड देशांतल्या यहुदी गावांची चित्रं कुठेतरी पाहून त्यानं मनापासून काढली होती. चित्रं सुबक होती. बाई म्हणाल्या, "भाऊ, आमचे आजोबा धोतर नेसत आणि फेटा बांधत. आजी नऊवारीत. आणि आमच्याकडे बर्फ फक्त मासळीच्या टोपलीत."

भाऊ एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग म्हणाले की मीसुद्धा तुमचा समुद्र पाहिलेला नाही, मी झाडीपट्टीचा माणूस, माझ्याकडून चूक होईल. बाई म्हणाल्या, झाली तर मी सांगेन. आणि त्यांनी खरंच सांगितलं. माडाचा बुंधा सरळ नसतो, तो वाऱ्याबरोबर वाकलेला असतो. आजीचा पदर उजव्या खांद्यावर आला, कारण फळीवर तो उलटा उतरवायचं भाऊ विसरले होते. घाणा तुमच्याकडचा झाला, आमचा असा नव्हता. भाऊ एकदाही रागावले नाहीत. घाण्यासाठी ते बाईंच्या सांगण्यावरून मातीचा छोटा घाणा करून बसले, त्याची लाट, म्हणजे बैल ओढतो ते आडवं लाकूड, फिरवून पाहिली, बाईंना दाखवली आणि मगच पटाशी हातात घेतली. मलिद्याचं ताट, म्हणजे त्यांच्यातला नवसाचा गोड पोह्यांचा प्रसाद, असं उतरलं की बाई म्हणाल्या वेलचीचा वास येतो. शुक्रवारी संध्याकाळी लावायचा काचेतला दिवा असा उतरला की मीच शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे पाहत बसलो. काळ्या पानात तेवढाच एक पांढरा थेंब.

राहिलं शेवटचं आणि सगळ्यात मोठं चित्र. दोन पानं भरून. शनिवारचं घर.

भाऊंनी त्यावर महिनाभर काम केलं. पहाटेचं काळं आकाश, थांबलेला घाणा, सोडलेला बैल, माड, कौलारू घर आणि कौलांतून निघून आकाशात जाणारा पांढरा धूर. त्यांच्या प्रत्येक चित्रात घरावर धूर असतो हे सगळ्यांनी पाहिलं असेलच. धुराच्या रेघा ते एका दमात कोरतात, हात न उचलता. या चित्रातला धूर मी पाहिलेला सगळ्यात सुंदर होता. छाप घेऊन आम्ही अहेरीहून बसनं चंद्रपूरला गेलो. भाऊ रस्ताभर छाप मांडीवर धरून होते. आष्टीला सरबत प्यायलाही उतरले नाहीत.

रिबेकाबाईंनी चष्मा लावला. पुष्कळ वेळ पाहिलं. बैलावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या की हा आमचाच. मग बोट वर गेलं आणि थांबलं.

"भाऊ, हे घर आमचं नाही."

भाऊंनी काय चुकलं ते विचारलं. त्यांनी सांगितलं की शनिवारी घरात विस्तव पेटत नसे. शुक्रवारी सगळं रांधून ठेवायचं. शनिवारी चूल थंड. शनिवारच्या घरावर धूर नसतो.

त्यावर भाऊंनी जे सांगितलं ते मला माहीतच होतं, आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं. ते म्हणाले, "बाई, आमच्याइकडं सकाळी धूर नाई दिसला त मानूस पाय उचलत जाते तिकडं. धूर नाई म्हनजे त्या घरी कोनी गेलं. म्हून मी घर काढलं की धूर काढतोच. बिनधुराचं घर माह्या हातून निंघतच नाई."

बाई म्हणाल्या, "मला ठाऊक आहे. हे गेले तेव्हा शेजारच्या बायकांनी माझी चूल पेटू दिली नाही. डबे आणले. पण ती थंड चूल आणि शनिवारची थंड चूल एक नाही हो."

फरक काय, भाऊंनी विचारलं. त्यांनी खरंच समजून घ्यायला विचारलं होतं.

"तो मला सांगता येत नाही. सांगता आला असता तर चित्र कशाला मागितलं असतं?" मग बाई शांतपणे म्हणाल्या की हे एक चित्र जमलं नाही तर पुस्तक राहू द्या. बाकी सगळी चित्रं छान आहेत, पण ती तेलाची, माशांची, सणाची आहेत. आम्ही कोण होतो ते शनिवारच्या चित्रात आहे. चुकीचं चित्र एकदा छापलं की नातवंडांना तेच खरं वाटणार, आणि चुकलं असं सांगायला मी असणार नाही.

परत येताना बसमध्ये मी एक उपाय सुचवला. कोरलेला धूर भरून काढायची एक युक्ती असते. तेवढी जागा खोदून लाकडाचा नवा तुकडा ठोकून बसवतात. मी म्हटलं, मी असा तुकडा बसवतो की सांधा दिसणार नाही. भाऊंनी नको म्हटलं आणि मला नवी फळी जोडायला सांगितली.

दुसरी फळी त्यांनी तशीच कोरली, फक्त धुराशिवाय. छाप उचलून दोरीवर वाळत घातली. भाऊ पाहत होते, मी पाहत होतो. कांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, चित्रापुढे उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोन गेलं यायच्या घरचं?"

भाऊंनी फळी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

पुढचे काही दिवस त्यांनी पटाशीला हात लावला नाही. चहाही कमी झाला. कांताबाईंना ते बघवेना. मग एका गुरुवारी मला म्हणाले की उद्या ऊर्जानगरला जायचं आहे, राहायला. बाईंकडे शनिवार कसा असतो ते बसून पाहायचं.

आम्ही शुक्रवारी दुपारी पोचलो. भाऊंच्या पिशवीत कागद, पेन्सिली, कोळसा, सगळं होतं. सूर्य उतरायला लागला तशी बाईंनी डोक्यावर पदर घेतला, काचेतल्या तेलात वात पेटवली, डोळ्यांवर हात धरून काही पुटपुटल्या. काळ्या मनुकांचं सरबत आम्हाला दिलं. मग भाऊंची पिशवी उचलली आणि कपाटावर ठेवून दिली.

"उद्या चित्र काढायचं नाही. उद्या शनिवार."

भाऊ म्हणाले, अहो, मी त्यासाठीच आलो आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही शनिवार पाहायला आला आहात, तो असा असतो.

शनिवार उजाडला. गॅस पेटला नाही. तांदळाच्या भाकरी आणि नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण आदल्या दिवशीचं होतं, गार, आणि फार चवीचं. भाऊंसाठी बाईंनी थर्मासभर चहा करून ठेवला होता. तो सकाळीच संपला. त्यानंतर भाऊंची जी तगमग झाली ती मी कधी विसरणार नाही. उठायचे, बसायचे, हाताची बोटं मांडीवर कोरल्यासारखी फिरवायचे. शेवटी चपला घालायला लागले. बाईंनी कुठे ते विचारलं. इथीच, टपरीवर, भाऊ म्हणाले.

"जा की. पण मग चित्रही टपरीचंच काढा."

भाऊंनी चपला काढल्या. मला हसू आवरेना. पण हळूहळू मलाही त्या घरात काही वेगळं वाटायला लागलं. मी जन्मात एका जागी धड बसलो नाही. तिथे करायला काही नव्हतं आणि काही करायचंही नव्हतं. बाई मधूनमधून लहानपणच्या गोष्टी सांगत, मधूनमधून गप्प बसत. घाण्याच्या थांबलेल्या लाटेवर बसून पोरं झोके घेत आणि आजोबा रागावत नसत, इतर दिवशी चोप मिळाला असता. दुपारी जेवणं झाल्यावर बोलता बोलता बाई दिवाणावर आडव्या झाल्या. म्हणाल्या, आई शनिवारी अशी निजायची, ओटीवर, भर दुपारी. आणि असं म्हणत त्या स्वतःच झोपी गेल्या. घरात दोन पाहुणे बसलेले असताना.

आमच्याकडे असं होत नाही. पाहुणा बसला असताना घरची बाई झोपत नाही, खरं तर दिवसा झोपतच नाही. मी दचकून भाऊंकडे पाहिलं. भाऊंची बोटं थांबली होती. ते बाईंच्या हाताकडे पाहत होते. दिवाणाच्या कडेवरून एक हात खाली आला होता, तळवा वर, बोटं अर्धी मिटलेली. त्यात काही नव्हतं. सावली सरकेपर्यंत भाऊ तसेच बसले. त्यांना काहीतरी सापडलं आहे एवढं मला समजलं.

परत आल्यावर त्यांनी आपल्या सगळ्या जुन्या छापा जमिनीवर मांडल्या. पन्नास वर्षांत कोरलेल्या बाया. रोवणी करणाऱ्या, मोहा वेचणाऱ्या, तेंदूपानाचे पुडे बांधणाऱ्या, पाणी आणणाऱ्या, पोर पाजणाऱ्या. भाऊ एकेकीच्या हातावर बोट ठेवत गेले. प्रत्येकीच्या हातात काहीतरी होतं. एकही हात रिकामा नव्हता.

मग त्यांनी कांताबाईंना हाक मारली आणि पाच मिनिटं नुसतं बसायला सांगितलं, हात मोकळे ठेवून. कांताबाई बसल्या. लगेच पदराचं टोक पिळायला लागल्या. भाऊ म्हणाले, पदर सोड. तर शेजारचा टॉवेल उचलून घडी घातली. टॉवेल काढून घेतला तर गुडघ्यावरचा न दिसणारा डाग पुसायला लागल्या. शेवटी त्याच वैतागल्या.

"रिकामा हात कसा ठेवतेत ते मले कोनी शिकवलंच नाई."

त्या उठून गेल्या. भाऊ बराच वेळ त्या जागेकडे पाहत होते.

तिसरी फळी मी हळदूच्या सगळ्यात चांगल्या लाकडाची जोडली. या वेळी पहाट नव्हती, भर दुपार होती. आकाश काळं नव्हतं, म्हणजे घरावरचं सगळं लाकूड काढून टाकायचं होतं. एवढं मोठं मोकळं करताना पटाशीच्या मागे बारीक धारा राहतात, त्यांना शाई लागते आणि छापेत हलक्या रेघा उमटतात. भाऊ एरवी त्या राहू देतात, वाऱ्यासारख्या दिसतात म्हणून. या वेळी कौलांवरची एक एक धार त्यांनी चष्म्यावर भिंग धरून काढली. कोणाला चुकूनही त्यात धूर दिसू नये. खाली ओटी, ओटीवर आडवी झालेली आई, घाण्याच्या लाटेवर लोंबकळणारी दोन पोरं, भिंतीला टेकवलेलं जू. हात त्यांनी सगळ्यात शेवटी कोरला. माझ्या अंगठ्याएवढा तो हात. त्याला त्यांनी इतका वेळ लावला की मला वाटलं त्यांना आता जमत नाही. पंचाहत्तरीकडे चाललेलं मनगट, मी मनात म्हटलं. मग त्यांनी पटाशी खाली ठेवली आणि मला शाई लावायला सांगितली.

छाप मी उचलली. घरावर धूर नव्हता, आणि ते मला आधी दिसलंच नाही. आधी ती झोपलेली बाई दिसली. मग पोरं. मग कौलं, आणि त्यांच्यावरचं ते मोठं पांढरं आकाश. चूल थंड असलेलं घर मी कितीदा पाहिलं आहे, माझा बाप गेला तेव्हा आमचंही पाहिलं आहे. हे घर तसं नव्हतं. इथे कोणी गेलेलं नव्हतं. सगळे होते. मी लाकूड तासणारा माणूस, ती फळी मी स्वतः जोडलेली, तिच्यातली प्रत्येक रेघ मी ओळखत होतो, आणि तरी हे तिच्यातून कसं आलं ते मला आजही सांगता येणार नाही.

रिबेकाबाईंच्या घरी सामान बांधायला सुरुवात झाली होती. खोकी बाजूला सारून भाऊंनी छाप टेबलावर ठेवली. बाई चष्मा शोधत असताना भाऊंना कौलांच्या वर एक बारीक काळा ठिपका दिसला. मी म्हटलं, शाईचा आहे, दुसऱ्या छापेत जाईल. भाऊ म्हणाले, शाईचा नाही, लाकूड राहिलं आहे, तू फळी नीट पाहिली नाही. मी म्हटलं, मीच पाहिली. आमचा आवाज चढला. मधे बाई चष्मा लावून केव्हा टेबलाशी आल्या ते आम्हाला कळलं नाही.

त्यांनी आमच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आई निजलीय."

पंखा फिरत होता. बऱ्याच वेळानं बाईंना आपण काय बोललो ते उमजलं, त्या हसल्या, आणि मग खुर्चीवर बसून पदरानं डोळे पुसत राहिल्या. भाऊ खिडकीकडे तोंड करून उभे होते. चित्र बरोबर आहे का, हे त्यांनी विचारलं नाही.

पुस्तक निघालं. बाई ते घेऊनच गेल्या. पुस्तकाच्या आतल्या पानावर चित्रकार म्हणून भाऊंचं नाव आहे आणि खाली, लाकूड आणि छपाई म्हणून माझं. हे मला न विचारता भाऊंनी लिहायला लावलं होतं. पण त्याहून मोठी गोष्ट मला त्यांनी दिली ती ही की एवढ्या वयात, एवढं नाव असताना, आपल्या हाताला काय येत नाही ते माणूस शोधू शकतो, आणि ते शिकायला दुसऱ्याच्या घरी जाऊन दिवसभर रिकाम्या हातानं बसू शकतो. मी इथे परक्या मुलखात कितीतरी मोठी बांधकामं उभी राहताना पाहतो. भाऊंसारखं काम करणारा माणूस मला इथे भेटलेला नाही.

पंचाहत्तरीच्या या प्रसंगी आम्हा सगळ्यांच्या वतीनं एवढंच मागणं आहे. भाऊंचे डोळे आणि मनगट अशीच साथ देत राहोत. जंगलात हळदू उभा राहो. त्यांना आणि कांताबाईंना खूप आयुष्य मिळो, आणि त्या आयुष्यात अशा पुष्कळ दुपारी येवोत की आमच्यापैकी कोणी काम घेऊन त्यांच्या दाराशी जावं, आत दोघंही निजलेली दिसावीत, आणि आपण चपला हातात घेऊन आवाज न करता परत फिरावं.